ओलीची कड

तपासणीच्या बाईंनी ती काच त्याच्यापुढे ठेवली तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते आणि त्याचा चहा अजून अर्धा संपायचा होता. नापास काच बाई एरवी लांबूनच ट्रेमध्ये सरकवायच्या, "धूळ" किंवा "बुडबुडा" एवढा एकच शब्द बोलायच्या आणि आपल्या स्टुलाकडे वळायच्या. आज त्या वळल्या नाहीत. "दिव्याखाली तिरकी धरून बघा," म्हणाल्या आणि गळ्यातलं भिंग काढून त्यांनी त्याच्या हातात दिलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते भिंग कुणाला दिलेलं त्याने पाहिलं नव्हतं. त्याने काच दिव्याखाली धरली. आधी काहीच दिसलं नाही. मग काच किंचित कलली आणि तिच्यावरून रेघांचा एक पट्टा सरकत गेला. धूळ नव्हती, ओरखडाही नव्हता. आडव्या, बारीक, सारख्या अंतराच्या रेघा, खालपासून वरपर्यंत, ओल्या केसांतून फणी फिरवल्यासारख्या. "कशानं आल्या या?" त्याने विचारलं. "ते तुम्हाला माहीत," बाई म्हणाल्या, आणि मग आवाज उतरवून, "ही पहिली नाही. मंगळवारपासूनच्या नऊ आहेत. मी बाजूला ठेवल्यात."

कारखाना म्हणायचा तो आपला एक शब्द म्हणून. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर तीन खोल्या होत्या: एकीत द्रावण बनायचं, दुसरीत काचा ओढल्या जायच्या, तिसरीत भट्टी आणि बाईंचं टेबल. मोजमापाच्या यंत्रांना लागणाऱ्या काचांवर इथे पातळ थर चढवून देत. काच चिमट्यात धरायची, द्रावणात बुडवायची आणि सरळ वर ओढायची, इतकंच काम. ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय मोठंसं. पण सगळी मेख त्या ओढण्यात आहे. काच वर येते तशी तिच्या अंगावर ओल राहते. ओलीतलं स्पिरिट उडून जातं आणि त्यात विरघळलेलं जे असेल ते काचेवर बसतं. जिथे ओली काच संपून सुकी सुरू होते तिथे एक केसाएवढी सीमा असते, तिला इथे सगळे कड म्हणत. कड एका चालीने सरकत राहिली तर थर असा बसतो की समोर काच आहे हेही कळू नये. पण हात पापणी लवेपर्यंत जरी अडखळला तरी कड तिथे थबकते, आजूबाजूचा माल तिथे गोळा करते आणि पुढे निघून जाताना मागे एक रेघ ठेवून जाते. काच भट्टीतून निघाली की ती रेघ जन्माची. सरधोपट माल यंत्र ओढायचं. जाड, वाकडे, एकुलते एक नग यंत्राच्या पकडीत बसत नसत. ते त्याच्याकडे येत. गवंड्याच्या दोरीला बांधलेलं शिसं जसं इकडे नाही तिकडे नाही, तसा याचा हात, असं मालक गिऱ्हाइकांना सांगत, आणि त्यावरून सव्वीस वर्षांपूर्वी त्याला 'ओळंबा' हे नाव पडलं ते आईवडिलांनी ठेवलेल्या नावाला पुरून उरलं. घरी बायकोही भांडणात तेच वापरायची. सगळ्या जगाशी सरळ, म्हणायची, घरात आला की तेवढा कलतो.

त्या दिवशी त्याने आधी पंखा बंद केला. मग खाली जाऊन टायरवाल्याला हवा भरायचं यंत्र अर्धा तास बंद ठेवायला सांगितलं. टायरवाल्याने असं बघितलं, जणू वरच्या मजल्यावर बाळंतीण झोपली आहे, पण ठेवलं. द्रावणाच्या भांड्याखाली त्याने रबराची घडी सरकवली, खिडकी लावली, स्टूल बदललं, बूट काढले. आणि श्वास रोखून एक काच ओढली. रेघा होत्याच. दुसरी ओढली, तीवरही होत्या. ट्रक गेला तर एखादी रेघ येते हे त्याला माहीत होतं, पण ट्रक आपल्या मर्जीने जातो. हवेचं यंत्र मध्येच सुरू होतं, मध्येच थांबतं. या रेघांना कुणाची मर्जी नव्हती. बाईंनी भिंगातून मोजल्या होत्या, बोटाच्या नखाएवढ्या जागेत पन्नास. नखाएवढं अंतर ओढायला तो मनात दहापर्यंत आकडे मोजायचा. ती त्याची जुनी सवय, आकडे सावकाश यायचे, घड्याळाच्या काट्याबरोबर. म्हणजे एका आकड्याला पाच. त्याने टेबलाच्या कडेवर नख टेकवून ती चाल वाजवून पाहिली, एका आकड्यात पाच, एका आकड्यात पाच, आणि वाजवता वाजवता थांबला. ही चाल त्याने ऐकलेली होती.  चहा तसाच राहिला. त्याने हात पुढे पसरला आणि उलटा-पालटा करून पाहिला. हात स्वस्थ होता. पंजावर कागदाचा कपटा ठेवला, कपटाही स्वस्थ राहिला. जे काही चाललं होतं ते कातडीच्या इतकं आत होतं की डोळ्यांना दिसायचं नाही. ओल तेवढी ते लिहून ठेवत होती.

त्याचे वडील न्हावी होते. रस्त्याच्या वळणावर एका खुर्चीचं दुकान, समोर आरसा, आरशाच्या कोपऱ्यात चेपलेली कंगव्याची जाहिरात. साबणाचा फेस करायची एक कथलाची वाटी होती, आणि कधीतरी, त्याला नेमकं कधी ते आठवत नव्हतं, वडील ब्रश वाटीत फिरवायला लागले की वाटीचा काठ वाजू लागला. टकटकटकटकटक. आधी सगळ्यांना ती वडिलांची हौस वाटली. एक गिऱ्हाईक म्हणालंही, दादा तालात आलेत. मग दाढीला येणारे हळूहळू फक्त केस कापायला येऊ लागले. कुणी काही बोललं नाही. माणसं अशा वेळी फार सभ्य होतात. दाढी आता घरीच करतो, वेळ वाचतो, असं म्हणत आणि आरशातसुद्धा वडिलांच्या डोळ्यांकडे बघत नसत. समोरचा शिंपी मात्र येत राहिला. दर रविवारी सकाळी तो खुर्चीत बसायचा, मान मागे टाकायचा, डोळे मिटायचा आणि गळा वडिलांच्या हवाली करायचा. वस्तरा हवेत असताना थरथरायचा आणि कातडीला टेकला की जरा शांत व्हायचा. टेकवायच्या त्या एका क्षणापुरतं सगळं दुकान श्वास धरून असायचं. शिंपी उठायचा तेव्हा हनुवटीखाली कागदाचे दोन-तीन तुकडे चिकटवलेले असायचे. पातं नवं आहे ना, म्हणायचा, धारेला आहे. आणि मग एका रविवारी तो येऊन बसला, मान टाकली, डोळे मिटले, आणि वडील वस्तरा उघडून नुसतेच उभे राहिले. बराच वेळ. शेवटी त्यांनी शिंप्याच्या गळ्याभोवतीचा पंचा सोडला, झटकला, घडी केली आणि म्हणाले, आता नको. शिंप्याने डोळे उघडले नाहीत लगेच. त्या माणसाला तेव्हा काय वाटलं असेल, सुटलो असं, की आपलं कुणी काही काढून नेलं असं, हे ओळंब्याला पुढे कित्येकदा विचारावंसं वाटलं, पण तोवर शिंपीच राहिला नव्हता. त्यानंतर वडील कुठेही बसले की हात मांड्यांखाली घालून बसत. जेवायला बोलावलं की पहिल्यांदा ते हात बाहेर काढायला वेळ लावत.

द्रावण बनवायचा तो ढवळ्या. दिवसभर भांड्यात काचेची कांडी घेऊन ढवळत बसायचा म्हणून ढवळ्या, आणि जेवायला नेहमी ओळंब्याशेजारी बसायचा म्हणून भट्टीवाले 'ढवळ्याशेजारी बांधला' एवढं म्हणून पुढची म्हण गिळायचे. एकोणीस वर्षं ते दोघं एकाच बाकावर जेवले होते. ढवळ्या शिकलेला नव्हता, पण द्रावणाबद्दल बोलायला लागला की एखाद्या मास्तरासारखा बोलायचा. बाकावर सांडलेला चहाचा थेंब सुकला की तो बोट दाखवायचा. "बघ, मधे फिका, काठाला काळा. का? थेंब काठावरून सुकतो. काठ सुकला की मधलं पाणी काठाकडे धावतं, आणि धावताना घरात असेल नसेल ते सगळं डोक्यावर घेऊन जातं. काठाला पोचलं की पाणी उडून जातं, ओझं तिथंच. बिचारं." हे 'बिचारं' तो चहाला उद्देशून म्हणायचा की पाण्याला, ते कळायचं नाही. काचा नापास व्हायला लागल्याची बातमी मालकांपर्यंत गुरुवारी पोचली. ते खोलीत आले, एक काच उजेडाला धरून पाहिली, ओळंब्याकडे बघितलंही नाही. "ढवळ्या, द्रावण गाळून घेतोस ना नीट?" एवढंच विचारलं. आणि ढवळ्या, जो एरवी मालकांनाही सोडायचा नाही, तो एकदम गप्प झाला. त्याच्या चेहऱ्यावर शंका उतरली, दुसऱ्यावरची नाही, स्वतःवरची.

तिथेच बोलायला हवं होतं. ओळंब्याने नंतर तो क्षण पुन्हा पुन्हा उलगडून पाहिला, आणि दर वेळी त्यात बोलायला पुरेशी जागा होती. मालक भिंगासाठी हात पुढे करत होते, ढवळ्या फडक्याला हात पुसत होता, बाई खाली मान घालून एकच काच दुसऱ्यांदा पुसत होत्या. माझा हात, मालक. तीनच शब्द. पण ते तीन शब्द म्हटले की पुढे काय, हे त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं: मांड्यांखाली गेलेले हात. तो म्हणाला, "बघू, उद्या दुसऱ्या घाण्यातनं ओढून." आणि हे म्हणताना आपला आवाज किती सरळ आहे याचं त्यालाच नवल वाटलं. शुक्रवारी ढवळ्याने द्रावण दोनदा गाळलं. सोमवारी बरण्या उकळत्या पाण्यातून काढल्या. मंगळवारी स्पिरिटचं नवं पिंप फोडलं. रोज सकाळी तो ताजं भांडं दोन्ही हातांनी घेऊन यायचा, आज बघ हं, म्हणायचा, आणि शेजारी उभा राहायचा. ओळंबा ओढायचा. ओल सुकताना काचेवरून रंग धावायचे, आधी निळसर, मग पिवळट, मग काही नाही, आणि त्या काही नाहीतून रेघा वर यायच्या. ढवळ्या भांडं उचलायचा. परत जाऊन ढवळायला बसायचा. त्याने जेवण कमी केलं, डबा उघडून भाकरीचा तुकडा हातात धरून बसायचा आणि म्हणायचा, "एकोणीस वर्षांत असं झालं नाही रे. काहीतरी सुटतंय माझ्या हातून." ओळंबा समोरच्या भिंतीकडे बघत चावत राहायचा. आज संध्याकाळी सांगू. उद्या सकाळी सांगू. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा त्याला वाटतं की न बोलणं म्हणजे नुसतं थांबणं आहे. तो थांबलेला असतानाही कड पुढे सरकतच असते, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

दुसऱ्या बुधवारी दुपारी त्याने बहिणीला फोन लावला. ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, दुसऱ्या गावात. दोघं महिन्यातून एकदा बोलायचे, हवापाणी, गुडघे, मुलांची कौतुकं. तो जिन्यात उभा राहून बोलत होता. वडिलांचा विषय त्याने उगाच काढल्यासारखा काढला, ती वाटी कुठे असेल गं आता. पलीकडे ताईने कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुझाही सुरू झाला?"  "तुझाही म्हणजे?" "सहा वर्षं झाली," ताई म्हणाली. "मी कप अर्धाच भरते. सही करायला लागली की सूनबाईला सांगते, चष्मा सापडत नाहीये, तू कर. डॉक्टरकडे जाऊन आले एकदा, घरी न सांगता. त्यांनी कागदावर गोगलगाय काढायला लावली, आतून बाहेर गोल गोल. मी काढली. ते म्हणाले, कंप आहे, घराण्यात असतो. गोळ्या आहेत, लागू पडल्या तर पडल्या. जिवाला काही नाही म्हणाले." "मला का नाही सांगितलंस?" "तुझा हातावर धंदा," ताई म्हणाली. "सांगून काय केलं असतंस? रोज सकाळी उठून हात बघत बसला असतास." मग तिनेच विचारलं, "लोकांना दिसतो का?" "अजून नाही." "मग लपवता येईल काही दिवस," ती म्हणाली, आणि आवाजात आईसारखी काळजी होती. फोन ठेवल्यावर तो पायरीवर बसून राहिला. खाली टायरवाला चाकातली हवा सोडत होता. सहा वर्षं दर महिन्याला गुडघ्यांवर बोलणारी आपली बहीण अर्धा कप हातात धरून बोलत होती, आणि आपल्याला ते ऐकू आलं नव्हतं.

शनिवारी मालकांनी ढवळ्याला सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. आरडाओरडा झाला नाही. ढवळ्या आत आला, त्याने सगळ्या बरण्या धुतल्या, पालथ्या घातल्या, कांडी पुसून खुंटीला लावली. आपली वही तेवढी काखेत घेतली, जिच्यात त्याने एकोणीस वर्षांचे सगळे घाणे लिहून ठेवले होते. दारात थांबून म्हणाला, "चल, येतो," आणि ओळंब्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या नावाला बट्टा लागला माझ्यामुळे. मनात ठेवू नकोस." त्याच्या पावलांचा आवाज जिन्याच्या वळणापर्यंत आला, मग टायरच्या दुकानातल्या आवाजात मिसळला. ओळंबा उठला तो थेट मालकांच्या टेबलापाशी गेला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "मालक, द्रावणाचा दोष नाही. माझ्या हाताचा आहे."

मालक कागद चाळत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "दार लावून घे."

त्याने दार लावलं.

"मला गेल्या आठवड्यातच कळलं," मालक म्हणाले. "ढवळ्याचं तेच द्रावण यंत्राला लावून बघितलं. काच निघाली पाण्यासारखी. बाईंनाही विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे समजलं."

"मग त्याला का काढलंत?"

"गिऱ्हाइकाला काहीतरी कारण सांगावं लागतं. द्रावण बिघडलं होतं, माणूस बदलला, असं म्हटलं की तो ऐकून घेतो. हात गेला म्हटलं तर तोच जातो. इथं येतात ते हातासाठी येतात." मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, त्याच्याशिवाय त्यांचा चेहरा अगदी म्हातारा दिसत होता. "सोमवारपासून तू भट्टी बघ. ओढायला बाई बसतील, त्यांचा हात चांगला आहे, मी पाहिलाय. बाहेर काही बोलायचं नाही."

"आणि ढवळ्या?"

"द्रावण करणारा माणूस कुठंही खपतो. आठवडाभरात दुसरीकडे लागेल. तुला या वयात, असा हात घेऊन, दारात कोण उभं करील? दोघांपैकी एकालाच वाचवता येत होतं. मी तुला वाचवलं." ते जरा थांबले. "तू आता जे बोललास ते मी ऐकलेलं नाही."

ओळंब्याला राग यायला हवा होता. तो वाट बघत उभा राहिला, आत्ता येईल म्हणून. पण भट्टी हा शब्द ऐकताच छातीतलं काहीतरी सैल झालं होतं. भट्टीचं दार उघडायचं, ट्रे ठेवायचा, दार लावायचं, त्याला हात लागत नाही. आधी ते सैल होणं आलं आणि मग, पाठोपाठ, त्याची लाज आली, आणि लाजेच्या खाली रागाला जागाच उरली नाही. तो बरं म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. दार उघडून बाहेर आला तेव्हा बाई त्यांच्या स्टुलावर होत्या. त्यांनी मान वर केली. "मी काही बोलले नाही हो," त्या म्हणाल्या. "माहितेय," तो म्हणाला.

रविवारी सकाळी तो ढवळ्याच्या घरी गेला. बायकोला त्याने नुसतं, ढवळ्याला भेटून येतो, एवढंच सांगितलं, आणि तिने विचारलं नाही, कारण तिने बहुधा काहीतरी ओळखलं होतं. चौथा मजला, जिना अरुंद. वाटेत तो मनात वाक्यं जुळवत होता. चूक तुझी नव्हती. हात माझा होता. मालकांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. हे शेवटचं वाक्य तो दर मजल्यावर गाळत होता आणि पुढच्या पायरीवर पुन्हा जोडत होता. दार वहिनींनी उघडलं. "बरं झालं आलात," त्या हळूच म्हणाल्या. "कालपासून कुठनं कुठनं सामान आणून स्वयंपाकघर अडवून बसलेत. मला चहासुद्धा शेजारी जाऊन करावा लागला. तुम्ही तरी समजावा."

ओट्यावर, खिडकीच्या कठड्यावर, भांड्यांच्या फळीवर काचेच्या पट्ट्या टेकवून ठेवल्या होत्या, वीस-पंचवीस तरी. मधोमध स्टुलावर ढवळ्या, समोर त्याची वही उघडी आणि द्रावणाने भरलेलं एक उभट भांडं. दाढी वाढलेली होती. ओळंब्याला बघून त्याचा चेहरा उजळला. "तुझाच विचार करत होतो," ढवळ्या म्हणाला. "सगळं पहिल्यापासून करून बघितलं. वजनं, गाळणं, सगळं. पण ओढायला माझा हात. माझा हात म्हणजे बैलाची शेपटी. बघ ना, कुठं जाड, कुठं पातळ, यावरून काय कळणार? तू ओढ एक. तुझा हात लागला की खरं काय ते कळेल."

"ढवळ्या, आधी ऐकून घे. ते द्रावण—"

"आधी ओढ, मग बोल."

त्याने चिमटा पुढे केला. ओळंब्याने घेतला. आणि घेताना त्याला वाटलं, हेच बरं आहे; तोंडाने सांगण्यापेक्षा रेघाच सांगतील. गेले बारा दिवस ज्या रेघा येऊ नयेत म्हणून त्याने श्वास रोखला होता, त्या आता याव्यात म्हणून त्याने रोखला. काच बुडवली. वर ओढू लागला. एक, दोन, तीन. वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. चार, पाच. कड खाली सरकत होती, तिच्यावर खिडकीचा उजेड पडला होता. काच पूर्ण बाहेर आली, निळी झाली, पिवळी झाली, आणि मग ढवळ्याने ती त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली आणि खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली.

"आलं," तो म्हणाला, आणि खिडकीच्या कठड्यावर टेकला. "आलं बघ. मला वाटतच होतं. म्हणजे माझंच आहे."

"या रेघा माझ्या आहेत," ओळंबा म्हणाला. "माझ्या हाताच्या. हात कापतो माझा."

ढवळ्याने त्याच्याकडे बघितलं, आणि हसला. कुणी आजारी माणसाला खोटंच बरा दिसतोस म्हणावं आणि त्या माणसाने हसावं, तसा. "तुझा हात कापतो."

"यंत्रावर तुझंच द्रावण लावलं होतं. स्वच्छ निघालं. मालक स्वतः म्हणाले."

"यंत्र भराभर ओढतं रे. भराभर ओढलं की द्रावणाचं पाप झाकलं जातं, सावकाश ओढलं की उघडं पडतं. मी कामाला लागलो तेव्हा तूच सांगितलंस मला हे." ते ओळंब्यानेच सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. तो म्हणाला, "माझ्या वडिलांचा असाच गेला. ताईचाही गेलाय. घराण्यात आहे." ढवळ्या ऐकत होता, पण ज्याने आधीच ठरवून टाकलंय अशा माणसाच्या शांतपणाने. "बरं, दाखव हात," तो म्हणाला.

ओळंब्याने उजवा हात पुढे केला. बोटं फाकवली. खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता आणि तिघंही त्या हाताकडे बघत होते. बोटांवर द्रावणाचे जुने डाग होते, अंगठ्याला चिमट्याचा घट्टा होता. त्याने वाट बघितली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तो हात हलायला हवा होता, वडिलांच्या वाटीसारखा वाजायला हवा होता, आणि हात भिंतीतल्या खुंटीसारखा स्वस्थ होता. त्याला तो मुद्दाम हलवताही आला असता. तेही त्याच्या मनात येऊन गेलं.

"कुठं कापतोय?" वहिनी हलकेच म्हणाल्या.

"अहो, याला खोटं बोलता येत नाही, कधीच आलं नाही," ढवळ्या म्हणाला. त्याने ओळंब्याचा पसरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि खाली केला. "माझ्यासाठी स्वतःवर घ्यायला आलास. एवढं कुणी भावासाठीही करत नाही. पण मला तसलं नको. मला चूक सापडायला हवी. ती सापडली नाही तर मी दुसरीकडे कुठल्या तोंडाने उभा राहू? मलाच खात्री नाही, त्यांना काय देऊ?" मग तो उठला, त्याने वहीत काहीतरी लिहिलं, भांड्यात स्पिरिटचे चमचे घातले, कांडीने ढवळलं, बराच वेळ ढवळलं. वहिनींनी कुठूनतरी ओळंब्यासाठी चहा आणून ठेवला आणि त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की ती त्याला सोसवेना. त्या नजरेत कृतज्ञता होती. ढवळ्याने एक कोरी पट्टी पुसली, उजेडाला धरून पाहिली आणि त्याच्यापुढे केली. "आता जरा पातळ केलंय. आणखी एक ओढ."

खिडकीतला उजेड ओट्यावरून सरकून जमिनीवर आला तोपर्यंत त्याने सात काचा ओढल्या. दर वेळी ढवळ्या वहीत आकडा लिहायचा, काच खिडकीशी न्यायचा, तिरकी धरायचा. सातवी काच त्याने फार वेळ धरली. डोळे बारीक केले, जवळ आणली, लांब नेली, आणि मागे न बघताच विचारलं, "यात जरा कमी आहेत का रे? मला कमी वाटताहेत."

ओळंबा उठून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. काच कलली आणि रेघा खालपासून वरपर्यंत सरकत गेल्या, तितक्याच, तेवढ्याच अंतराच्या.

"हो," तो म्हणाला. "जरा कमी आहेत."